घाटंजी, व्हाया चीन

"गाव कुठलं तुझं?"

पुण्यातल्या ऑफिसात दर नव्या प्रोजेक्टला हा प्रश्न एकदा तरी येतोच. आपण 'यवतमाळ' म्हणायचं आणि सुटायचं. 'घाटंजी' म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. "म्हणजे नक्की कुठे?" "नागपूरजवळ का?" आणि हमखास तिसरा, "मग तिकडे बघायला काय आहे?" पहिल्या दोघांची उत्तरं मोबाइलच्या नकाशावर मिळतात. तिसऱ्याचं उत्तर मला स्वतःलाच बरीच वर्षं माहीत नव्हतं. ते सापडायला मला आधी चीनला जाऊन यावं लागलं. गोष्ट जरा लांबची आहे, पण चहा हातात असेलच तुमच्या... तर ऐका.

२०२५ च्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपवून सगळे ऑफिसात परतले होते, तेव्हा मी उलटा गावाकडे निघालो. दादाचा फोन आला होता. "तू ये. फोनवर बोलाची गोष्ट नाही." आमच्या घरात हे वाक्य दोनच प्रसंगी निघतं, शेत विकायचं असेल तेव्हा किंवा कोणी आजारी असेल तेव्हा. या वेळी दोन्ही नव्हतं. पाचवीतल्या पुतणीला पुढं कुठं शिकवायचं, ते ठरवायचं होतं. शनिवार-रविवारला दोन दिवस रजा जोडली आणि रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली.

कुलपांची गल्ली

सकाळी यवतमाळला उतरलं की पहिलं काम तर्री पोहे. पुण्यातल्या पोह्यांवर मनापासून प्रेम करणाऱ्यांनी पुढचं वाक्य वगळावं. पोह्यांवर लालभडक तर्री, त्यात चणे, वरून शेव, बाजूला हिरवी मिरची... डोळ्यांत पाणी आणि पोटात उजेड! त्यानंतर घाटंजीची एसटी. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, पण गाडी प्रत्येक फाट्यावर विचारपूस करत जाते, त्यामुळे वेळेचा हिशेब करू नये.

नोव्हेंबरात या रस्त्याच्या दोन्ही बाजू पांढऱ्या असतात. पऱ्हाटी फुटलेली असते आणि वेचणी जोरात असते. कमरेला कापड बांधून बायका ओळीनं पुढं सरकतात, त्यांच्या मागं बांधावर एखादं लेकरू लहान भावंडाला सांभाळत बसलेलं. जिनिंगकडं निघालेल्या गाड्यांतून उडालेले कापसाचे पुंजके बाभळीच्या काट्यांना अडकलेले दिसतात. लहानपणी मी त्याला 'बाभळीची म्हातारी' म्हणायचो.

घाटंजी म्हणजे वाघाडी नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. नगरपरिषद आहे, तहसील आहे, बाजार आहे, जिनिंग आहे, गिलानी महाविद्यालय आहे. मारोती महाराजांच्या यात्रेत आकाशपाळणे येतात, तेव्हा अख्खा तालुका लोटतो. रेल्वे नाही. मॉल नाही. एकेकाळी मला या 'नाही'चीच यादी पाठ होती.

आमच्या गल्लीत शिरलो आणि सवयीनं दारं मोजली. अकरा घरं. त्यातल्या सहांना कुलूप. आईला विचारलं, "हे कधी गेले?" आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "ते? दोन वर्सं झाली. लेकरं शिकाले गेली." पलीकडचं कुलूप? "पोट्टीच्या डाक्टरकीच्या क्लाससाठी. नागपूरले." त्याच्या पलीकडचं? "यवतमायले. विंग्रजी शाळा." सहा कुलपांपैकी नोकरीसाठी लागलेलं एकच होतं. बाकी पाचांमागं एकेक दप्तर होतं.

आणि सातवं कुलूप आमच्या दाराला लावायचं का, या चर्चेसाठी मी आलो होतो.

दोन रस्ते

संध्याकाळी सगळे ओसरीत बसलो. दादानं मुद्दे मांडले, आमच्या ऑफिसातला मॅनेजर मांडतो त्याहून व्यवस्थित. रस्ता पहिला, नवोदय. रस्ता दुसरा, यवतमाळला खोली करायची, वहिनी आणि पोरगी तिथं राहतील, दादा आणि आई इथं.

शहरात वाढलेल्या मंडळींसाठी नवोदयबद्दल थोडं सांगायला हवं. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना फुकट निवासी शाळा मिळावी म्हणून केंद्र सरकारनं ही योजना आणली. १९८५-८६ मध्ये देशात पहिल्या दोनच शाळा निघाल्या, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आमच्या शेजारच्या अमरावतीला. आता तमिळनाडू सोडून देशभर साडेसहाशेच्या आसपास आहेत. यवतमाळ जिल्ह्याची शाळा बेलोऱ्याला, म्हणजे आमच्या घाटंजी तालुक्यातच. सहावीला साधारण ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. पाचवीत असताना दोन तासांची परीक्षा. तर्कबुद्धी, अंकगणित आणि भाषा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. दहा वर्षांच्या पोराला एकच चान्स!

"डिसेंबरात पेपर आहे," दादा म्हणाला. "लागला नंबर तं बेलोरा. नाही लागला तं यवतमाय. तुले काय वाटते?"

वहिनी गप्प होत्या. पुतणी खांबाला टेकून वहीत काहीतरी काढत होती आणि ऐकत नसल्याचं उत्तम नाटक करत होती.

मला काय वाटतं? मला एकदम सुझोऊ आठवलं.

हॉर्न न वाजवणारं शहर

२०१८ च्या मे-जूनमध्ये कंपनीनं मला सहा आठवडे चीनला पाठवलं होतं. शांघायजवळचं सुझोऊ हे शहर, कालवे, बागा आणि त्यांच्या भोवती मैलोन् मैल कारखाने. चीन म्हटलं की आपल्याला बुलेट ट्रेन आणि गगनचुंबी इमारती आठवतात. मला मात्र आठवतात ७ आणि ८ जून. त्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना शहर चमत्कारिक शांत वाटलं. रस्त्याकडेच्या बांधकामावरची यंत्रं बंद. गाड्या हॉर्न देत नव्हत्या. एका शाळेच्या फाटकाबाहेर शेकडो पालक उभे, आणि त्यांतल्या कितीतरी आयांनी लाल चिपाओ घातलेला. चिपाओ म्हणजे तो उंच गळ्याचा, बाजूला चिरलेला पारंपरिक झगा. त्याच्या नावातला 'ची' आणि विजयाचा झेंडा फडकवण्याच्या म्हणीतला 'ची' सारखाच ऐकू येतो, म्हणून शकुन!

ती गाओकाओ होती, बारावीनंतरची विद्यापीठ प्रवेश परीक्षा. त्या वर्षी ९७ लाख ५० हजार मुलं बसली होती. २०२५ मध्ये हा आकडा १ कोटी ३३ लाखांवर गेला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ही परीक्षा बंदच होती. १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा शेतात आणि कारखान्यात पाठवलेले तरुण कुदळी टाकून परीक्षेला आले. ५७ लाखांतून पावणेतीन लाखांच्या आसपास मुलांना प्रवेश मिळाला. चिनी माणूस या परीक्षेबद्दल एवढा हळवा का, ते या आकड्यांत कळतं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी आन्ह्वे प्रांतातल्या एका खेड्यातला. त्याचे आईवडील शांघायकडच्या कारखान्यात कामाला, हा आजीजवळ खेड्यात. भेट वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला. आईवडिलांनी सोबत का नेलं नाही? तर हुकोउ. १९५८ पासून चालत आलेली ही कुटुंब-नोंदणीची पद्धत. तुमची नोंद ज्या गावची, तिथंच तुमची सरकारी शाळा, तिथंच तुमची गाओकाओ. शहरात राबायला परवानगी, पण मुलाला शहरातल्या शाळेत घालताना शंभर अडचणी. अशा मागं राहिलेल्या मुलांसाठी चिनी भाषेत एक शब्दच आहे, लिउशौ अर्थुंग. तिथल्या महिला महासंघानं २०१३ मध्ये त्यांची संख्या ६ कोटी १० लाख सांगितली होती. म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या निम्मी पोरं, आणि सगळी आजीच्या हातची भाकर... नव्हे, आजीच्या हातचा भात खाऊन वाढलेली.

त्याच्याच प्रांतात माओतानचांग नावाचं गाव आहे. डोंगरातलं आडगाव, पण तिथल्या शाळेत दरवर्षी दहा हजारांहून जास्त मुलं गाओकाओची तयारी करायला येतात. मुलांसोबत आया येतात, नोकरी सोडून. खोली भाड्यानं घेतात, सैपाक करतात, डबा घेऊन फाटकाशी उभ्या राहतात. अख्खं गाव त्यांच्या भाड्यावर चालतं. तो हे सांगत होता आणि मला लातूर दिसत होतं, नागपूर दिसत होतं, आणि आमच्या गल्लीतली कुलपं.

मीही त्याला माझं सांगितलं. पाचवीनंतर मला यवतमाळला मामाकडं ठेवलं. मग पुणे, मग इंजिनीअरिंग, मग हिंजवडी. तो हसला आणि म्हणाला, "ही तर मेन्शियसच्या आईची गोष्ट झाली!"

तीनदा बदललेलं घर

चीनमध्ये ही गोष्ट पोरासोरांना ठाऊक असते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला तत्त्वज्ञ मेन्शियस. वडील लहानपणीच वारलेले. मायलेकरं स्मशानाजवळ राहायची, तर पोरगं रडण्याचं आणि पुरण्याचं खेळ खेळायला लागलं. आईनं घर बदललं. नवं घर बाजारात, तर पोरगं वजनं-मापं घेऊन ओरडायला लागलं. आईनं पुन्हा घर बदललं. तिसरं घर शाळेजवळ, आणि मग पोरगं नमस्कार करायला, शिस्तीत बसायला शिकलं. शेकडो वर्षं चिनी मुलं जे बालपाठाचं पुस्तक घोकत आली, त्यात या आईचं नाव अगदी सुरुवातीला येतं.

आपल्या गल्लीतल्या पाच आया दुसरं काय करतायत?

एका रविवारी त्यानं मला घरी बोलावलं. मुलाचा पहिला वाढदिवस होता. बाळापुढं चटईवर वस्तू मांडल्या होत्या... ब्रश, पुस्तक, गणकाची मणीपाटी, चमचा, नोटा. बाळ जे उचलेल, ते त्याचं भविष्य. बाळ नोटांकडं रांगायला लागलं, तशी आजीनं पायाच्या अंगठ्यानं पुस्तक हळूच पुढं सरकवलं! सगळे हसले. मला आईची आठवण झाली. आपल्याकडं पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. तिकडं बाळ स्वतः उचलतं, इकडं सटवाई लिहिते. दोन्हीकडं कागद-लेखणी ठेवायला मात्र घरातली बाईच विसरत नाही.

परतायच्या आधी नानजिंगला जाऊन आलो, सुझोऊहून रेल्वेनं दीड तासाच्या आत. तिथं जुन्या राजेशाही परीक्षांचं केंद्र होतं, आता संग्रहालय आहे. सरकारी अधिकारी निवडायची ही परीक्षा तेराशे वर्षं चालली, १९०५ मध्ये बंद झाली. भरभराटीच्या काळात या एका आवारात वीस हजारांवर कोठड्या होत्या. कोठडी म्हणजे किती? तर माणूस बसला की गुडघे समोर टेकतील एवढी. दोन फळ्या. एक वर लावली की टेबल, एक खाली लावली की बाक. रात्री दोन्ही एका पातळीवर घेतल्या की पलंग. उमेदवार दिवसच्या दिवस तिथंच लिहायचा, तिथंच शिजवायचा, तिथंच झोपायचा. मी एका कोठडीत बसून फोटो काढून घेतला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, 'ओरिजिनल क्युबिकल!' भरपूर हसरे चेहरे आले.

तो फोटो मला घाटंजीत पुन्हा आठवला. रविवारी सकाळी एका मित्राला भेटायला गेलो, तो गावातल्या अभ्यासिकेत होता. महिन्याला ठरावीक पैसे, प्लायवूडच्या पार्टिशननं केलेले कप्पे, एक फळी, एक खुर्ची, एक चार्जिंगचा पॉइंट. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. समोरच्या पार्टिशनवर चिकटवलेली वेळापत्रकं. वयं वीस ते तेहतीस. कोणी मान वर केली नाही. खिडकीतून बाहेरच्या शेतातली वेचणी दिसत होती.

पोडावरची शाळा

सोमवारी सकाळी शाळासोबत्याच्या मोटरसायकलवर मागं बसून एका कोलाम पोडावर गेलो. तो जिल्हा परिषदेचा गुरुजी. 'पोड' म्हणजे कोलामांची वस्ती. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम हे तीन समाज सरकारदरबारी विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेले आहेत, आणि कोलामांचा मोठा भाग आमच्या यवतमाळ जिल्ह्यात राहतो. कोलामी भाषा द्राविडी कुळातली. म्हणजे पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी शाळेत येतं, तेव्हा गुरुजींची मराठी त्याच्यासाठी परकीच असते.

शाळा दोन खोल्यांची. पट जेमतेम. गुरुजीनं भिंतीवर एक तक्ता लावला होता, डावीकडं कोलामी शब्द, उजवीकडं मराठी. पुस्तकातला नव्हे. पोरांना विचारून विचारून त्यानं आणि पोरांनी मिळून केलेला. एखादा शब्द चुकला की पोरं त्याला सुधारतात आणि फार खूश होतात. "वर्गात मास्तर मीच असतो असं नाही," तो म्हणाला.

मला पुन्हा आन्ह्वेचा सहकारी आठवला. आजीजवळ तो गावची बोली बोलायचा. शाळेत मात्र पुतोंगह्वा, म्हणजे प्रमाण चिनी. १९५६ पासून सरकारनं तिचा देशभर प्रसार केला, १९५८ मध्ये शिकायला सोपी पडावी म्हणून रोमन लिपीतलं पिनयिन आणलं. त्याचा फायदा झालाच, आज दोन टोकांची दोन माणसं एकमेकांशी बोलू शकतात. पण शहरात स्थिरावल्यावर आजीशी फोनवर बोलताना शब्द अडतात, असं तो सांगायचा.

"तुझी शाळा टिकेल?" मी गुरुजीला विचारलं. तो काही बोलला नाही. २०१७ च्या डिसेंबरात राज्यात दहाहून कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढं आला. चीननं हे सगळं आपल्या आधी करून पाहिलं. २००१ पासून खेड्यातल्या शाळा धडाधड मिटवून मोठ्या गावात नेल्या. लहान पोरं वसतिगृहात गेली, काही मैलोन् मैल चालू लागली, काही गळाली. शेवटी २०१२ मध्ये तिथल्या सरकारनंच घाईनं शाळा बंद करू नका असा आदेश काढला. २०२१ मध्ये आणखी मोठा दणका दिला, पहिली ते नववीच्या शालेय विषयांचे नफ्यासाठी चालणारे क्लासच बंद केले. मुलांवरचा आणि पालकांच्या खिशावरचा भार कमी व्हावा म्हणून. गाओकाओ मात्र तशीच राहिली, त्यामुळे शिकवण्या चोरून घरात घुसल्या.

हे मी ऐटीत सांगत होतो. गुरुजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे. पण माह्या शाळेत वेचणीच्या दिवसांत अर्धे पोट्टे नाही येत. त्याइचे मायबाप सकाळी सहाले निंगतात. मी त्याइले आणाले जातो. चीनवाले काय करतात त्याचं?"

मला उत्तर आलं नाही. घंटा झाली. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा.

रात्री ओट्यावर

त्या रात्री दादा आणि मी ओट्यावर बसलो होतो. जेवणात कढी-गोळे होते, त्यामुळे दोघंही जरा सैल झालो होतो. मी म्हटलं, "खोलीचं भाडं मी देतो. यवतमाळची खोली कर. पोरीचं भलं होईल."

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "नवोदयची परीक्षा म्याही देल्ली होती. तुले माहीत नसन. तू लहान होता."

मला खरंच माहीत नव्हतं.

"नाही लागला नंबर. एकदाच देता येते ते. मंग बाबा म्हणे, एकालेच बाहेर ठेवू शकतो आपण, बारक्याले ठेवू. मले काही वाईट नाही वाटलं. शेती कोणी तरी पाहाले पायजेच होती." मग हसून म्हणाला, "तुह्या कालेजची फी कापसाचीच होती बे."

यात गाऱ्हाणं नव्हतं. आज कापसाला काय भाव निघाला, हे सांगावं तशा आवाजात तो बोलला. पण मी हललो. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी गाव सोडलं. खरं म्हणजे मला कोणीतरी पाठवलं होतं, आणि त्यासाठी दुसरं कोणीतरी थांबलं होतं. मामाच्या घरी मी रडायचो, त्याचं मला फार कौतुक होतं, मी ते मित्रांना रंगवून सांगायचो. दादाचं बालपण कोणत्या दिवशी संपलं, हे मी कधी विचारलंही नव्हतं.

मेन्शियसच्या गोष्टीत मागं कोणी उरतच नाही. वडील आधीच वारलेले, भाऊ नाही, शेत नाही, तांदूळ निवडणारी म्हातारी नाही. म्हणून ती आई तीनदा घर बदलू शकली. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक कुलपामागं मात्र कोणीतरी उरलेलं आहे. एक बाप शेतावर एकटा जेवतोय, एक आजी फोनच्या स्क्रीनवर नात बघतेय. तिकडं ते सहा कोटी होते, मोजले तरी गेले. आमच्याकडं मागं राहणारी बहुधा मोठी माणसं असतात, त्यांची जनगणना होत नाही.

सकाळी चहाच्या वेळी वहिनींनीच निकाल दिला. "भाऊजी, परीक्षा देऊ द्या तिले. लागला नंबर तं बेलोरा, तालुक्यातच आहे, सुट्टीत येईन घरी. नाही लागला तं दहावीपर्यंत इथंच शिकन. शाळा इथंही आहे, मास्तरं इथंही आहेत. मी नाही जात यवतमायले." दादा काहीतरी बोलणार होता, त्याला थांबवून माझ्याकडं वळल्या. "अन् तुमी खोलीचं भाडं राहू द्या. दर शनिवारी फोनवर तिचं गणित घ्या. घेसान?"

मी 'हो' म्हटलं. ऑफिसात डेडलाइनला म्हणतो तसं पटकन.

पुतणीनं तेवढ्यात वही पुढं केली. नवोदयच्या सराव संचातला तर्कबुद्धीचा प्रश्न होता, चार आकृत्यांतली वेगळी आकृती ओळखा. मी एक दाखवली. ती म्हणाली, "चूक!" आणि फार खूश झाली. मग निघताना एसटी स्टँडवर दादाच्या मोटरसायकलवरून उतरता उतरता तिनं विचारलं, "काका, बेलोऱ्याचे पोट्टे नववीत दुसऱ्या राज्यात जातात म्हणे. खरं आहे का?" खरं आहे. नवोदयमध्ये नववीतली काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची इकडं येतात. "मंग परत येतात का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "वर्षानं येतात." ती म्हणाली, "मंग ठीक आहे."

डिसेंबरात पेपर झाला. आदल्या रात्री आईनं देव्हाऱ्यापुढं प्रवेशपत्र आणि निळा बॉलपेन ठेवला होता, असं वहिनींनी सांगितलं. पाचवीच्या रात्री ठेवतात तसाच, फक्त या वेळी कागद कोरा नव्हता. मी हे लिहितोय तेव्हा निकाल यायचाय. शनिवारच्या गणितापैकी दोन शनिवार माझ्या क्लायंट कॉलमध्ये बुडाले, तिसऱ्या शनिवारी तिनंच फोन केला.

तर घाटंजीत बघायला काय आहे? परवा एका नव्या मुलीनं लंचला विचारलं, तेव्हा मी पहिल्यांदा नीट उत्तर दिलं. म्हटलं, माझा दादा आहे.

जायचंच असेल तर...

कसं जाल : पुणे-मुंबईहून यवतमाळपर्यंत रात्रीच्या ट्रॅव्हल्स, पुढं घाटंजीची एसटी. रेल्वेनं यायचं तर वर्धा किंवा धामणगावला उतरून यवतमाळ गाठा. नागपूरहून स्वतःच्या गाडीनं अर्ध्या दिवसाचा पल्ला.

कधी जाल : नोव्हेंबर ते जानेवारी. पऱ्हाटी पांढरी, तुरीला शेंगा, अंगावर शाल. एप्रिल-मेचं धाडस नको. उन्हामुळं विदर्भातल्या शाळाही उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाला उघडतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर तान्हा पोळा बघा, लाकडी बैल सजवून निघालेली पोरं दारोदारी बोजारा मागतात. खिशात सुटे ठेवा.

जोडून काय : टिपेश्वर अभयारण्य. पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेलं हे जंगल वाघांसाठी नावाजलेलं आहे. बुकिंग आधी करा.

काय खाल : तर्री पोहे, आलुबोंडा, पाटोडीची भाजी, आणि कोणाच्या घरी ओळख निघाली तर कढी-गोळे. ओळख निघतेच.

काय करू नका : पोडावर कॅमेरा काढून पोरांचे फोटो घेत सुटू नका. शाळेत जायचं तर गुरुजींना विचारून जा, आणि गेलात तर तक्त्यावरचे चार कोलामी शब्द शिकून या. चुकलात तर पोरं सुधारतील.